आग्रह हुरड्याचा करा, पेल्याचा नको

डिसेंबर सरत आला की कन्नडच्या आसपास संध्याकाळी शेताशेतांतून आगट्यांचा धूर दिसू लागतो. मका, कपाशी आणि अद्रकीच्या गर्दीतही कुणीतरी हुरड्यासाठी म्हणून सुरती किंवा गूळभेंडी ज्वारीच्या चार ओळी राखलेल्या असतात. दाणा चिकातून हुरड्यात आला की पाहुण्यांना फोन जातात. गौताळ्याच्या पायथ्याला, पितळखोऱ्याच्या वाटेवर, छत्रपती संभाजीनगर आणि चाळीसगावच्या गाड्या बांधाला लागतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गोणपाटावर चोळायची, सुपात पाखडायची आणि गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर हातावर घ्यायचे. हे सुख मी लहानपणापासून घेत आलो आहे आणि पन्नाशी ओलांडल्यावरही आमंत्रण चुकवत नाही.

अलीकडे या बैठकीला एक नवी जोड मिळाली आहे. क्रिकेटचा मोठा सामना असेल तर शेतातच पडदा बांधून प्रोजेक्टर लावतात. गाडीची डिकी उघडी ठेवतात आणि तिच्यात बर्फाचा डबा, सोडा, ग्लास आणि बाटल्या मांडलेल्या असतात. अमेरिकेत नेमकं हेच फुटबॉलच्या सामन्याआधी चालतं. स्टेडियमच्या वाहनतळावर गाडीची मागची फळी पाडून तिचंच टेबल करायचं आणि तिथेच शेगडी पेटवून खाणंपिणं करायचं. त्याला ते ‘टेलगेट पार्टी’ म्हणतात. थंड प्रदेशात तिला बर्फावर घसरण्याच्या खेळाचा, स्कीइंगचा थाट देतात. लोकरीच्या टोप्या, गरम चॉकलेट आणि ‘शॉटस्की’ नावाची एक गंमत. स्कीच्या लांब फळीवर ओळीने दारूचे छोटे ग्लास बसवलेले असतात. तीन-चार जण ती फळी एकदम उचलतात आणि सगळ्यांनी एकाच वेळी प्यायचं असतं. एकानेही मागे राहायचं म्हटलं तर फळी वाकडी होते आणि दारू सगळ्यांच्या अंगावर सांडते.

आपल्याकडे अशी फळी नाही, कारण तिची गरजच पडत नाही. तिचं काम आपला आग्रह करतो.

काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रात्री, बाराच्या सुमारास, आमच्या अपघात विभागात चाळिशीच्या एका गृहस्थांना आणलं होतं. हुरडा खाऊन मोटारसायकलवर घरी निघाले होते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी आदळली. ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता, यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि पोटात दारू होती. आम्ही काही करण्याआधीच ते गेले होते. त्यांना घेऊन आलेला माणूस त्या शेताचा मालक होता, मयताचा मेहुणा. व्हरांड्यातल्या बाकावर बसून तो मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, “डॉक्टरसाहेब, दाजींना मी थांबा म्हणालो होतो. एकदा म्हणालो होतो.”

तो खोटं बोलत नव्हता. एकदा म्हणाला होताच. पण घरचा जावई शेतावर आलेला. त्याला हुरडा घ्या म्हणून किती वेळा म्हटलं असेल, आणि ग्लास भरताना किती वेळा म्हटलं असेल, याचा हिशेब तो माणूस मनात करत होता. मला तो त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. आत त्याची बहीण यायची होती.

त्या रात्रीपासून माझं मत पक्कं आहे. पाहुणा आपल्या बांधावर पाय ठेवतो तेव्हापासून तो घरी पोचेपर्यंत यजमानाची जबाबदारी असते. आपण ती आगटी विझली की संपली असं समजतो. म्हणून बोलावणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट हुरड्याचीच. कोवळ्या दाण्यातल्या साखरेचा पूर्ण स्टार्च झालेला नसतो, म्हणून तो गोड लागतो. ज्वारीत ग्लुटेन नाही, तंतू भरपूर आहेत. मात्र एकदम दोन-तीन वाट्या खाल्ल्या, वर गूळ, रेवड्या आणि उसाचा रस घेतला तर पोट फुगतं आणि मधुमेह्याची साखर चढते. त्यामुळे हुरडा सावकाश, दह्याबरोबर किंवा मठ्ठ्याबरोबर खावा. यजमानाने आणखी एक बघावं. हुरड्याच्या ओळींवर अळीसाठी औषध कधी फवारलं, हे शेतावर काम करणाऱ्याला विचारून घ्यावं. भाजल्याने कीटकनाशक निघून जातं या भरवशावर राहू नये. हुरड्यासाठीचा पट्टा फवारणीविना राखणं उत्तम. गोवऱ्या हाताळणाऱ्याने कणसं चोळण्याआधी साबणाने हात धुवावेत, एवढी सोय बांधावर करता येते.

दुसरी गोष्ट थंडीची. “थंडी आहे, दोन घोट घ्या, ऊब येईल” हे वाक्य मी तिशीतल्या पोरांकडून आणि सत्तरीतल्या आजोबांकडूनही ऐकलं आहे. युरोपात तर यावर एक दंतकथाच आहे. आल्प्समधल्या बर्फात अडकलेल्या प्रवाशांना वाचवणाऱ्या सेंट बर्नार्ड कुत्र्यांच्या गळ्यात ब्रँडीचं पिंप असे, असं सांगतात. ती कल्पना लोकांच्या मनात रुजली ती एडविन लँडसिअर या चित्रकाराच्या १८२० मधल्या चित्रामुळे. प्रत्यक्षात गारठलेल्या माणसाला ब्रँडी देणं म्हणजे त्याला आणखी गारठवणं. थंडीत शरीर कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळून आतली उष्णता राखतं. दारू त्या वाहिन्या सैल करते. गरम रक्त कातडीपर्यंत येतं, चेहरा लाल होतो, ऊब आल्यासारखी वाटते आणि तीच उष्णता बाहेर निघून जाते. कुडकुडणंही कमी होतं, म्हणजे उष्णता तयार करण्याचा एक मार्गही मंदावतो. ऊब हवी असेल तर स्वेटर, कानटोपी आणि आल्याचा चहा. अद्रक तर आपल्याच वावरात पिकते.

शेकोटीबद्दल एक सांगायलाच हवं. निखारे उघड्यावर ठीक. पण रात्री मुक्काम करताना निखाऱ्यांचं घमेलं तंबूत किंवा दार लावलेल्या खोलीत नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला जागसुद्धा येत नाही.

तिसरी गोष्ट हृदयाची. थंडीत रक्तवाहिन्या आवळल्याने रक्तदाब वाढतो. त्यात सामन्याची धाकधूक मिळते. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी जर्मनीतल्या म्युनिक परिसरात डॉक्टरांनी याची नोंद ठेवली. यजमान जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या दुखण्यांचं प्रमाण एरवीच्या २.६६ पट झालं होतं. सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत ते सर्वांत जास्त होतं. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक होता. हा अभ्यास २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. त्याच्याही आधी, १९७८ मध्ये, अमेरिकेतले डॉक्टर फिलिप एटिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुट्टीच्या दिवसांत भरपूर दारू प्यायल्यावर हृदयाचे ठोके अनियमित होणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं आणि त्याला ‘हॉलिडे हार्ट’ असं नाव दिलं. आपल्या बांधावर थंडी, सामना आणि दारू तिन्ही एकत्र येतात. छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, दरदरून घाम असं काही झालं तर “गॅस झाला असेल, सोडा घे” म्हणत बसू नका. १०८ ला फोन लावा. शेताचा रस्ता, जवळचा फाटा आणि गट नंबर यजमानाला तोंडपाठ हवा, कारण रात्री रुग्णवाहिकेला बांध सापडत नाही.

चौथी गोष्ट मधुमेह्यांची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी दारू घेतली तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, कारण यकृत दारू निस्तरण्यात गुंततं आणि साखर तयार करणं मागे पडतं. हे काही तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशी सकाळीही होऊ शकतं. अशा माणसाची जीभ जड होते, तोल जातो, तो असंबद्ध बोलतो. सगळे म्हणतात, “चढली आहे, झोपू द्या.” झोपू दिलेला असा माणूस कधी कधी उठत नाही. शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचं किंवा गुळाचं पाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा.

आता रस्त्याची गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार वाहन चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पण पोलिसांना क्षणभर बाजूला ठेवू आणि शरीराचा हिशेब करू. व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये, साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. यकृत ते ठरलेल्या गतीनेच काढतं, रक्तातलं प्रमाण ताशी १५ ते २० मिलिग्रॅमने उतरतं. ७० किलोच्या माणसाने रात्री आठला क्वार्टर सुरू केली, तर रक्त ३० च्या खाली येईपर्यंत मध्यरात्र उलटून जाते आणि पूर्ण स्वच्छ व्हायला पहाट उजाडू शकते. काळी कॉफी, लिंबू, ताक, डोक्यावर गार पाणी यातल्या कशानेही ही गती वाढत नाही. कॉफीने झोप उडते, एवढंच. जागा झालेला झिंगलेला माणूस आपण ठीक आहोत असं समजून किल्ली उचलतो, म्हणून तो जास्त धोक्याचा.

आणि रस्ते कोणते? उत्तरेला चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट, त्याची वळणं आणि हिवाळ्यातलं धुकं. दक्षिणेला वेरूळमार्गे संभाजीनगर, सुमारे ६० किलोमीटर. दोन्ही बाजूंना गाळपाच्या हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्या. शुद्धीत असलेल्या माणसालाही डोळे फाडून बघावं लागतं.

यावर मला नेहमी दोन उत्तरं मिळतात. पहिलं, “डॉक्टर, तुम्ही मजा घालवता.” दुसरं शेतकऱ्याचं असतं आणि ते जास्त खरं आहे. हुरड्याने त्याला चार पैसे मिळतात, नियम सांगितले तर पाहुणा दुसऱ्या शेतावर जाईल. मी दारूबंदीचा प्रचार करायला बसलेलो नाही. अजिबात न पिणं आरोग्याला सर्वांत चांगलं, हे डॉक्टर म्हणून सांगतोच. पण ज्यांच्या बैठकीत ती असणारच, त्यांनी तरी काही गोष्टी आधी ठरवाव्यात. आमंत्रण देतानाच विचारा, “गाडी कोण चालवणार?” ज्याचं नाव येईल त्याच्या हातात मठ्ठ्याचा ग्लास द्या आणि त्याची थट्टा होऊ देऊ नका. घरातल्या बाईला गाडी चालवता येत असेल तर किल्ली तिच्याकडे द्या. बहुतेक बैठकीत न प्यायलेली तीच असते, तरी तिला शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसावं लागतं. मुक्कामाची गोधडी, सतरंजी आधीच काढून ठेवा. पाहुण्यांकडून पैसे घेऊन हुरडा देणाऱ्यांनी मुक्कामाचे पैसे आधीच जोडून सांगितले तर त्यांचंही नुकसान नाही.

आपल्याकडे आग्रह हा यजमानाचा धर्म मानतात आणि मला तो आवडतो. ताटात आणखी मूठभर हुरडा पडला तर फार तर पोट दुखेल. पण नको म्हणणाऱ्याच्या ग्लासात ओतणं हा पाहुणचार नाही. माणूस एकदा नको म्हणाला की दारूचा आग्रह तिथेच थांबवावा. आणि निघतो म्हणाला की खरा आग्रह सुरू करावा. किल्ली मागून घ्यावी, बायकोला फोन लावून द्यावा, रुसला तर रुसू द्यावा. सकाळी चहा पिताना राग जातो.

तो मेहुणा मला नंतर एकदा बाजारात भेटला होता. अजूनही दरवर्षी हुरडा करतो म्हणाला, बहिणीची मुलं येतात म्हणून. आता त्याच्या शेतावरून अंधार पडल्यावर कुणालाही निघू देत नाही. लोक त्याला हटवादी म्हणतात, हे त्याने स्वतःच सांगितलं.