दिव्यांगांच्या डब्यातला शेजार

या आठवड्यात कळव्याच्या फलाटावर पुन्हा तेच घडलं. कल्याणकडून भरून आलेल्या धिम्या लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात दोन तरुण चढले आणि दारातल्या गृहस्थांनी त्यांना दरडावलं, "अपंगांचा डबा आहे, कळत नाही का?" दोघंही कर्णबधिर. ऐकू आलं नाही म्हणून उत्तर नाही, उत्तर नाही म्हणून आवाज आणखी चढलेला. शेवटी एकाने खिशातून कार्ड काढलं.

अपंगत्व डोळ्यांना दिसलंच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016च्या कायद्यात 21 आहेत. त्यांत थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेलही आहे. फलाटावरची नजर मात्र अजून कुबडीच शोधते.

या डब्याची तुलना करायची तर महिलांच्या डब्याशी करावी. तोही गर्दीपासून आडोसा म्हणूनच राखला गेला. पण आज त्याला कोणी नुसता आडोसा म्हणत नाही. तिथे भाजी निवडली जाते, भिशी लागते, डोहाळजेवण होतं, दसऱ्याला डबा सजतो. रोजची मैत्रीण डोंबिवलीला चढली नाही तर ठाणं यायच्या आत तिला फोन जातो. 5 मे 1992ला चर्चगेट–बोरिवली महिला विशेष लोकल सुरू झाली, तेव्हापासून या जगावर पुरवण्याच्या पुरवण्या निघाल्या. राखीव डब्यातून बायकांनी आपलं एक जग उभं केलं, हे सगळ्यांनी कौतुकाने मान्य केलं.

दिव्यांगांच्या डब्यातही असंच जग आहे. ॲनेलिस कुस्टर्स या बेल्जियमच्या मानवशास्त्रज्ञ स्वतः कर्णबधिर आहेत. मुंबईच्या लोकलमधल्या कर्णबधिरांवरचा त्यांचा शोधनिबंध 2009 साली प्रसिद्ध झाला. कर्णबधिर प्रवासी या डब्यात एकमेकांना गाठतात, खाणाखुणांच्या भाषेत गप्पा रंगतात, बातम्या इकडून तिकडे पोचतात. डबा त्यांच्यासाठी भेटण्याची जागाच होतो, असं त्यांनी नोंदवलं. घरीदारी ऐकणाऱ्यांच्या गराड्यात राहणाऱ्या माणसाला आपल्या भाषेतलं मोकळं बोलणं एरवी कुठे मिळणार? त्या दोन तरुणांचा हक्क जसा जागेवर होता, तसाच या सोबतीवरही होता. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या कराराला भारताने 2007मध्ये मान्यता दिली, त्यात दिव्यांग व्यक्तींना मानवी विविधतेचा भाग मानलं आहे आणि सांकेतिक भाषा व कर्णबधिरांची संस्कृती यांनाही मान्यता मागितली आहे.

आपल्याला मात्र दिव्यांग माणूस आवडतो तो एकट्याने मात करणारा. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं नाव त्यासाठीच सतत घेतलं जातं. सहाव्या वर्षी दृष्टी गेलेल्या प्रांजल कॉलेजसाठी याच मार्गावरून, कळवा ओलांडून, मुंबईला जात. त्यांच्या जिद्दीबद्दल सगळे भरभरून बोलतात. पण लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत 773वा क्रमांक आल्यावर पूर्ण अंधत्वाचं कारण पुढे करून त्यांना रेल्वे लेखा सेवेत घ्यायला नकार दिला गेला, हे त्या कौतुकात मागे पडतं. पुढच्या प्रयत्नात 124वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या. तो नकार नसता तर पहिल्या निकालावरच त्या रेल्वेच्या सेवेत रुजू झाल्या असत्या.

जिद्द असूनही व्यवस्था वाट अडवते, याचं इथलंच आणखी एक उदाहरण म्हणजे कळव्याहून ठाण्याला न जाता थेट ऐरोलीकडे नेणारा कळवा–ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग. 2016मध्ये मंजूर झालेला हा मार्ग पुनर्वसनाच्या प्रश्नात अडकला. त्याच प्रकल्पातलं दिघा गाव स्थानक जानेवारी 2024मध्ये सुरू झालं, जोडमार्ग मात्र अजून नाही. तोवर कळव्याहून ऐरोली-वाशीला जाणाऱ्याने ठाण्याला उतरायचं आणि गर्दीतून नऊ-दहा नंबरचा फलाट गाठायचा. धडधाकट माणसाची त्यात दमछाक होते. कॅलिपर लावून चालणाऱ्याची किंवा पांढरी काठी घेतलेल्याची त्यात वाशीची गाडी चुकते, गाडीबरोबर हजेरी जाते आणि रोजच्या डब्यातली सोबतही तुटते. प्रकल्पाच्या पुढच्या आढावा बैठकीला ठाण्या-कळव्यातल्या दिव्यांग प्रवाशांना बोलवावं. कुठल्या जिन्यावर किती मिनिटं जातात, हे ते रोजच्या अनुभवावरून सांगतील.