दुकान त्यांचं बंद, तपासणी आमची!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. विषय वाचून हसाल... गेम खेळायच्या यंत्रावरचं ऑनलाइन दुकान!

झालं असं, मागच्या रविवारी नातू तोंड पाडून बसला. त्याच्या कन्सोलवरचं दुकान उघडेना. पडद्यावर आकडे-अक्षरांचा एक एरर कोड आणि खाली सल्ला, इंटरनेट तपासा. तपासलं. राऊटर बंद करून चालू केला. कन्सोल बंद-चालू केला. मग कुठेसं वाचून नातवाने डीएनएस बदललं. तारीख-वेळ पाहिली (ही पायरी मला पटली हं, घड्याळ चुकीचं असलं तर सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटून यंत्र जोडणीच नाकारतं). शेवटी माझ्या कार्डावर संशय आला, बँकेला फोन झाला. यात दीड तास गेला. आणि मग नातवाला कंपनीच्याच एका आडबाजूच्या पानावर दिसलं, की दुकान सकाळपासून बंद पडलंय!

आता मला सांगा, हे पहिल्याच ओळीत सांगायला काय झालं होतं? आमच्या कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा दुकान बंद असलं की पाटी लावतो. "आधी तुमच्या चपला तपासा" असं नाही म्हणत. मी चौतीस वर्षं शिकवलं. अख्ख्या वर्गाचं एकच उत्तर चुकलं, तर आधी फळ्यावर मीच चुकीचं लिहिलं नाही ना, ते बघायचे.

चिरंजीव म्हणतात, "आई, एवढी मोठी यंत्रणा, कधीतरी पडणारच." पडू दे की! पडण्याबद्दल तक्रार नाहीच. न सांगण्याबद्दल आहे. सोनीचं प्लेस्टेशन नेटवर्क २० एप्रिल २०११ ला बंद झालं, ते तीन आठवड्यांहून जास्त. सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांचा प्रश्न होता, आणि लोकांची खाजगी माहिती चोरांच्या हाती गेल्याचं कंपनीने सांगितलं २६ तारखेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच नेटवर्क पुन्हा जवळजवळ दिवसभर बंद होतं. कारण काय दिलं? 'ऑपरेशनल इश्यू'. म्हणजे 'काहीतरी झालं होतं'! वर्गणीदारांना पाच दिवस वाढवून दिले, विषय संपला.

बरं, दुकान बंद तर नवीन खरेदी नाही, इतपत समजू शकते. पण आधी पैसे मोजून घेतलेला गेमही चालू होईना! कारण परवाना खरा की खोटा हे यंत्र दुकानाला विचारतं, आणि दुकान तर झोपलेलं. मग बटणावर 'विकत घ्या' कशाला लिहिता? मराठीत विकत घेतलेली वस्तू आपली होते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, की असा नुसता परवाना देणार असाल तर तसं स्पष्ट सांगा, नाहीतर 'खरेदी' हा शब्द वापरू नका. एका शब्दासाठी कायदा करावा लागला! (माझ्यातली मराठीची बाई त्या दिवशी फार खूश झाली.)

ज्यांच्या घरी नातवंडं आहेत त्यांच्यासाठी सांगते. प्लेस्टेशन ५ च्या सेटिंगमध्ये 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' आहे, एक्सबॉक्सला 'होम एक्सबॉक्स'. ते चालू असलं तर उतरवून ठेवलेले, एकट्याने खेळायचे बरेचसे गेम नेट नसतानाही चालतात. पण ते आधीच करून ठेवायचं. दुकान पडल्यावर नाही, कारण ते करायलाही त्यांचं जाळं लागतं!

मी नातवाला म्हटलं, वाढदिवसाला तुला गेमची डिस्कच घेते, म्हणजे कुणाला विचारायला नको. तर म्हणतो, "आजी, बाबांनी स्वस्त पडतं म्हणून बिनडिस्कचं मॉडेल आणलंय. यात डिस्क घालायला जागाच नाही."

चिरंजीव हे वाचत असतीलच...