चप्पल लाईनमधलं ‘कमी करा ना’

शाहूवाडीकरांसाठी कोल्हापूर म्हणजे एसटीचा पास, कॉलेज आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकू नये याची धास्ती. परवा मात्र अख्खा दिवस एकाच भागात काढला. अंबाबाईचं देऊळ, महाद्वार रोड, गुजरी आणि चप्पल लाईन. गुजरीत साज नुसते बघितले (खिशाला तेवढंच झेपतं) आणि चप्पल लाईनमध्ये जे अडकले ते दुपारपर्यंत.

पहिल्याच दुकानात माझ्याच वयाच्या दोघी घासाघीस करत होत्या. “मामा, कमी करा ना!” बाराशेची जोडी नऊशेला तुटली. मामांनी हसत पिशवीत घालून दिली. हसायचं कारण नाही, मीही आजवर एकदाही सांगितल्या किमतीत कोल्हापुरी घेतलेली नाही.

आता दुसरा हिशोब बघा. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये ‘प्राडा’नं अगदी कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. आपण स्टेटस ठेवून ठेवून दमलो. कंपनीनं नंतर मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या ‘लिडकॉम’ आणि कर्नाटकच्या ‘लिडकर’ या सरकारी महामंडळांशी करार केला. २,००० जोड्या, एकीची किंमत साधारण ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर. मोबाईलवर गुणाकार केला तर सोळा लाख युरो. आकडा मोठा वाटतो, पण २,००० जोड्यांवर ही लाईन चालत नाही. ती चालते देवदर्शनाला आलेल्या पर्यटकांवर आणि आपल्यासारख्या ‘कमी करा ना’वाल्यांवर.

मग तीनशे रुपये कमी होतात ते कुणाचे? चामड्याचा भाव कमी होत नाही, उलट २०१५ च्या कायद्यानं बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून म्हशीच्या कातड्यावरच भिस्त आहे आणि बरंचसं चामडं तमिळनाडूकडून येतं. दुकानभाडं कमी होत नाही. उरते मजुरी. म्हणजे जवाहरनगर, सुभाषनगरकडे घराघरात तळ कापणारे, शिवणारे हात आणि वेणी घालणाऱ्या बायका. खिळा न ठोकता, वादीनं शिवलेल्या जोडीत बहुतेक खर्च या हातांचाच असतो.

त्यात तीनशेला मिळणारं रेक्झिनचं ‘कोल्हापुरी’. लांबून ओळखू येत नाही. २०१९ मध्ये मिळालेला जीआय टॅग कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. पण जीआय जपतो ते नाव. ‘प्राडा’नं नाव वापरलंच नव्हतं, तिथं तो काय करणार? आणि मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका फेटाळली गेली, कारण ती टॅगच्या नोंदणीकृत मालकांनी केलेली नव्हती. रस्त्यावरचं रेक्झिन मात्र उघड हेच नाव लावून विकतं. मला विचाराल तर आपला राग मिलानवर जास्त निघाला, इथं कमी.

मामांनी जोडी उलटी करून तळ दाखवला. पूर्वी कातडं कमवायला बाभळीची साल आणि हिरडा लागायचा, म्हणाले. मी चमकलेच. हिरडा तर आमच्या डोंगरातला! लहानपणी खोकला झाला की आजी तो चघळायला द्यायची, त्याचं चपलेशी काही नातं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी मीही एक कापशी घेतली. किंमत साडेअकराशे. “कमी...” एवढं तोंडातून गेलंच, सवय ती. मामांनी नुसतं बघितलं. पूर्ण पैसे दिले आणि पन्नास रुपये एसटीपुरते उरले. पहिले चार दिवस चावेल, मामा म्हणाले, रात्री तेल लावून ठेव.