मोहालीचा दाखला, महाराष्ट्राची जात

चंदीगडला लागून असलेल्या मोहालीला, म्हणजेच साहिबजादा अजितसिंग नगरला, २००६ मध्ये जिल्ह्याचा दर्जा मिळाला. वस्ती सलग असली, तरी रस्ता ओलांडला की केंद्रशासित चंदीगड आणि पुढे हरियाणाचे पंचकुला. दाखला कोणत्या उपायुक्तांकडे मागायचा, हे भाडेकरारावरील पत्ता ठरवतो.

पंजाबने सेवा हक्क कायदा २०११ मध्येच केला; महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ उजाडले. (मंत्रालयात याची वाच्यता क्वचितच होते.) पुढे २०१६ मध्ये सेवा केंद्रे आली आणि डिसेंबर २०२३ पासून १०७६ या क्रमांकावर घरपोच सेवाही.

मराठी स्थलांतरितांची अडचण मात्र मुदतीची नाही. तलाठ्याऐवजी पटवारी, दप्तर गुरुमुखीत, हे अंगवळणी पडते. महाराष्ट्रात मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी त्याबद्दल कुरकुर करूही नये. खरा पेच अनुसूचित जातीच्या दाखल्याचा आहे. वडिलांचा मूळ दाखला दाखवल्यास येथील प्रशासन मुलांना दाखला देऊ शकते. पण तो केंद्राच्या नोकरीत आणि मूळ राज्यात उपयोगी, पंजाबच्या राखीव जागांसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये, मुंबईतील एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात, हाच निर्वाळा दिला आणि २०१८ मध्ये घटनापीठाने राज्यांपुरता तो कायम ठेवला. परिणामी मोहालीत वाढलेली मुलगी पंजाबच्या महाविद्यालयात खुल्या गटातच मोजली जाते. शिधापत्रिका २०२२ पर्यंत देशभर चालू लागली. जातींच्या याद्या मात्र घटनेच्या ३४१व्या अनुच्छेदानुसार राज्यनिहाय आहेत. त्यांत फेरबदल संसदच करू शकते, सेवा केंद्राच्या खिडकीतला कर्मचारी नव्हे.