मंगनीच्या अंगठीतला माणिक

वेरूळची लेणी पाहून घाट चढला की खुल्दाबाद लागते. तिथे शेख जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेब बादशहाची साधी, उघडी कबर आहे. या बादशहाचे 'आलमगीर' हे नाव एका जगप्रसिद्ध लाल रत्नावर कोरलेले आहे. जहांगीर आणि शहाजहान यांची नावेही त्यावर आहेत. सुमारे 352 कॅरेटचे हे रत्न 'तैमूर रुबी' म्हणून ओळखले जाते आणि आज ब्रिटनच्या राजघराण्याकडे आहे. पण ते माणिक नाहीच! ते आहे स्पिनेल, म्हणजे जुन्या भाषेतला 'लाल'. माणिक म्हणजे याकूत. हे दोन्ही वेगळे, हे अल्-बेरुनीने सुमारे हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते.

नावाजलेल्या रत्नाच्या बाबतीत एवढा घोळ झाला, तर मंगनीची अंगठी घेताना आपण किती सावध असावे?

नुसता रंग पाहून माणिक ओळखता येत नाही. कारखान्यात माणिक बनवण्याची रीत 1902 साली जाहीर झाली, तेव्हापासून असे खडे बाजारात आहेत. खाणीतले बहुतेक माणिकही रंग खुलवण्यासाठी तापवलेले असतात. हे सर्वमान्य आहे, फक्त गिऱ्हाइकाला सांगायला हवे. खरा धोका आहे भेगांत काच भरलेल्या माणकाचा. तो दिसतो सुरेख, पण लिंबाच्या रसानेही त्यातली काच खराब होते. अंगठी सैल-घट्ट करताना सोनाराच्या आचेनेही तो बिघडतो. रोज स्वयंपाक करणाऱ्या हातात तो किती टिकणार?

म्हणून खरेदी करताना एवढे जरूर पाहा. हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याचा नाही. मोठ्या खड्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला मागा. तो नैसर्गिक आहे का, तापवलेला आहे का, काच भरली आहे का, हे त्यात लिहिलेले हवे. बिलात सोन्याचे वजन आणि खड्याचे वजन वेगळे लावून घ्या. नाहीतर खड्याचे वजनही सोन्याच्या भावाने मोजले जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अंगठी मुलीला दिली ती भेट म्हणून की महेरचा भाग म्हणून? मंगनीच्या आनंदात हे कुणी विचारत नाही, आणि पुढे बिनसले की याच अंगठीवरून दोन घरांत वाद होतो. महेरमध्ये धरायची असेल तर निकाहनाम्यात वजनासह स्पष्ट लिहा. भेट असेल तर तसे चारचौघांत बोलून ठेवा. 1986 च्या कायद्यानुसार तलाकनंतरही लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर मिळालेल्या वस्तूंवर त्या स्त्रीचा हक्क राहतो. बिल आणि दाखला मुलीच्याच हाती द्या.

आणि माणिक परवडत नसेल तर? कर्ज काढू नका, समोरच्यांनाही काढायला लावू नका. महेरसाठी लोखंडाची अंगठीसुद्धा चालेल, हे सांगणारी हदीस आपल्या घराघरांत ठाऊक आहे. चांदीची साधी अंगठीही मंगनीला शोभते. दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांनी हे आधीच बोलून घेतले, तर मुलीच्या बापाची आणि मुलाच्या आईची, दोघांचीही झोप उडणार नाही.