आधी मालकी, मग उद्यान

जर्मनीच्या ऱ्हूर खोऱ्यातील ड्युइसबुर्ग शहरी थिसेन कंपनीचा लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद पडला. झोतभट्ट्या पाडण्याच्या विचारास नागरिकांनी विरोध केला. पुढे प्रांतिक सरकारच्या पैशातून ती जमीन सार्वजनिक मालकीत आली आणि पीटर लाट्झ यांच्या आराखड्यानुसार १९९४ साली तेथे उद्यान खुले झाले. क्षेत्र सुमारे १८० हेक्टर. भट्टी जागेवरच उभी आहे. खनिजाच्या कोठ्यांच्या भिंतींवर तरुण प्रस्तरारोहण शिकतात. वायूच्या टाकीत पाणी भरून पाणबुडे सराव करतात. प्रवेशास पैसे पडत नाहीत. तेथे राबलेल्या कामगाराला आपल्या श्रमाची जागा नातवंडांना दाखविता येते.

या उद्यानाचा कोणासही हेवा वाटेल. परंतु झाडे लावण्यापूर्वी जमीन कोणाच्या हाती गेली, हा खरा प्रश्न आहे. मुंबईने या प्रश्नाचे उत्तर नेमके उलट दिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे ठरविले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली राज्य सरकारने नियम बदलला. वाटणी फक्त मूळच्या मोकळ्या जमिनीची व्हावयाची. जेथे गिरणीची इमारत होती, ती जागा इमारत पाडल्यावरही वाटणीबाहेर राहावयाची. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जनतेच्या बाजूने कौल दिला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. गिरणगावात मॉल आणि मनोरे उभे राहिले.

या जमिनीचे मोल कोणी वाढविले? रेल्वे, पाणी आणि रस्ते शहराने पुरविले. गिरणी चालविली ती चाळीतील माणसांनी. समाजाने निर्माण केलेली ही वाढ खाजगी खिशात जाणे, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही न्यायात बसत नाही.

कामगाराला घर हवे, बाग कशाला, असा आक्षेप घेतला जातो. उद्यानाने रोजगार परत येत नाही, हे खरेच; ऱ्हूरमध्येही बेकारी हटलेली नाही. पण घर आणि उद्यान यांचे भांडण कृत्रिम आहे. १९९१ च्या नियमात दोहोंना वाटा होता; २००१ च्या दुरुस्तीने दोहोंवर घाला घातला. घरासाठी अर्ज केलेल्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांना आणि वारसांना अद्याप घर मिळालेले नाही.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बंदर प्राधिकरणाची शेकडो एकर जमीन आजही सार्वजनिक मालकीची आहे. तेथे किती झाडे लागणार, एवढेच विचारून कार्यकर्त्यांनी थांबू नये. ही जमीन विकली जाणार नाही, याची लेखी हमी आधी मिळवावी. आराखड्याची चर्चा त्यानंतर.