चिलटाचा पंख आणि अस्तराचं बोलणं



नववीला ऊती शिकवताना अभिस्तर ऊतींचा तक्ता आपण सगळेच फळ्यावर काढतो. पट्टकी, स्तंभीय, घनाभरूप. ठिकाण, आकार, कार्य. मुलं पाठ करतात, 'जोड्या लावा' आलं की मार्क मिळतात. कार्याच्या रकान्यात बहुतेक मुलं एकच शब्द लिहितात: संरक्षण. माझं स्पष्ट मत आहे, या एका शब्दाने धड्यातला जीव जातो.

आपल्या भिवंडीच्या मुलांना कापड आणि अस्तर यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. यंत्रमागाच्या खडखडाटातच ती वाढतात. त्यांना चिलटाचं उदाहरण द्या. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी, लाल डोळ्यांची ड्रोसोफिला. (आंब्या-पेरूत अळ्या पाडणारी फळमाशी वेगळी. इथे मुलांची हमखास गफलत होते.)

चिलटाचा पंख अळीच्या अंगातच तयार व्हायला लागतो. सुरुवातीला पन्नासेक पेशींची इवलीशी पिशवी असते, अळी मोठी होईपर्यंत त्यांच्या हजारो पेशी होतात. पिशवीच्या एका बाजूला उंच, दाटीवाटीने उभ्या स्तंभीय पेशी; पुढे पंख होतो तो यांचाच. दुसऱ्या बाजूला पसरट, पातळ पट्टकी पेशी, आणि मधे अरुंद पोकळी. पातळ थराचा पंख होत नाही, म्हणून बरीच वर्षं अभ्यासकांचं लक्ष उंच थरावरच राहिलं. पातळ थर म्हणजे नुसतं अस्तर!

मग 2000 साली 'सेल' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. गिब्सन आणि शुबिगर यांना दिसलं, की पातळ थरातल्या पेशी मधल्या पोकळीतून बारीक धागे काढून समोरच्या उंच पेशींपर्यंत पोचतात आणि संदेश देतात. पातळ थरातल्या पेशी नष्ट केल्या, तर समोरच्या थराची वाढ आणि घडण बिघडते. दुसऱ्या निबंधात हीच गोष्ट डोळ्याच्या पिशवीबाबत होती. म्हणजे किती वाढायचं, कुठे काय घडवायचं, हे अस्तरही सांगत असतं.

'हे परदेशातलं, आपल्याला काय?' असं कोणी म्हणेल. पण ओबेद सिद्दिकी यांनी 1962 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू केला, आणि पुढे तिथे चिलटांवर मोठं काम झालं. कुलाबा इथून कितीसं लांब? कल्याणला लोकल पकडायची, बस्स.

पालकांना एक विनंती. मुलगा केळ्याची फोड बाटलीत घालून चिलटं पाळायला लागला, तर 'घाण काय करतोस' म्हणून फेकून देऊ नका. बाटलीच्या तोंडावर विरळ सुती कापड बांधलं की झालं. आपल्याकडे चिंध्यांना तोटा नाही. साधारण 25 अंश तापमानात दहाएक दिवसांत अंड्याची माशी होते. काचेवर चढलेली पांढुरकी अळी दिसली, की मुलाला विचारा: हिला पंख दिसत नाहीत, मग ते आत्ता आहेत कुठे?

परीक्षेत 'संरक्षण' लिहू द्या, मार्क जायला नकोत. पण वर्गात त्या रकान्यात 'संदेश देणे' हे दोन शब्द खडूने वाढवा आणि मुलं काय विचारतात ते ऐका.